जागल आणि बंदूक

सेवाग्रामला बापूकुटी पाहावयास आलेली मुले चरख्यापाशी फारशी रेंगाळत नाहीत. ती थांबतात चिमट्यापाशी. लांब दांड्याचा तो चिमटा आणि जवळची ती पेटी साप धरण्यासाठी होती. आश्रमात साप निघाला की त्याला चिमट्यात धरावे, पेटीत घालावे आणि वस्तीपासून दूर रानात नेऊन सोडून द्यावे, असा तिथला रिवाज. गांधीजी १९३६ साली राहावयास गेले तेव्हा त्या गावाचे नाव सेगाव होते, भोवती काळी जमीन होती आणि त्या जमिनीत सापांना तोटा नव्हता. चिमटा ही तिथे शोभेची वस्तू नव्हती.

आता याच चिमटेवाल्या म्हाताऱ्याचे एक वाक्य सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत बंदूकवाल्यांच्या पत्रकांवर छापलेले असते, असे कोणी सांगितले तर आमच्याकडचा माणूस हसेल. मीही हसलो होतो. अमेरिकेत स्थायिक झालेला एक नातेवाईक दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला होता. फराळाच्या ताटावर बसल्याबसल्या तो म्हणाला, "काका, आमच्या शेजाऱ्याकडे चार रायफली आहेत, आणि तो मला गांधीजींचा दाखला देतो!" मी म्हटले, शेजारी थट्टा करीत असेल. पण थट्टा नव्हती. इंग्रजी राज्याच्या अनेक दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल, अशा आशयाचे वाक्य गांधीजींनी खरोखरच लिहिलेले आहे. आणि कोणी ते विसरू नये म्हणूनच की काय, आपल्या आत्मकथेतही त्याचा उल्लेख केलेला आहे.

त्या संध्याकाळी चकल्या संपल्या तरी वाद संपला नाही. नातेवाईक गेला, पण माझ्या डोक्यात दोन बंदुका राहिल्या: एक त्याच्या शेजाऱ्याची आणि दुसरी आर्वी तालुक्यातल्या माझ्या आजोबांची. या दोहोंमधली वाट शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी शेजाऱ्याची बंदूक. ती अर्धस्वयंचलित रायफल. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप नळीच्या मुखाशी येऊन बसते. पुन्हा चाप ओढावयाचा, एवढेच काम. चाप दाबून धरला की गोळ्यांची सरबत्ती चालूच राहते ती पूर्ण स्वयंचलित, ती निराळी. अमेरिकेत या जातीची 'एआर-१५' नावाची रायफल १९६४ च्या सुमारास नागरिकांच्या बाजारात आली आणि पुढे फार लोकप्रिय झाली. बाळगणाऱ्यांची कारणे साधी असतात. शेत-मळा गावापासून दूर, पोलीस यावयास वेळ लागतो, धक्का कमी बसत असल्याने बाईमाणसाला आणि वृद्धालाही पेलते, आणि रानडुकरे! टेक्सासात रानडुकरांनी शेतीचा असा उच्छाद मांडला आहे की तिथे २०१९ पासून जमीनमालकाची संमती असली तर डुक्कर मारावयास शिकारीचा परवानाही लागत नाही. कळपातले एक पडले की बाकीची पळतात, म्हणून लागोपाठ गोळ्या हव्यात, असे त्यांचे म्हणणे. या सर्वांच्या वर त्यांच्या राज्यघटनेतली १७९१ ची दुसरी दुरुस्ती: शस्त्र बाळगण्याचा हक्क. त्याच रायफलीने २०२२ साली टेक्सासातल्याच उवाल्डी गावी एका शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, हेही त्याच देशात घडले. तिथला वाद तिथल्यांनी सोडवावा. मला अडकवले ते डुकरांनी. कारण रानडुक्कर टेक्सासचे असो की तळेगावचे, ते ज्वारीत शिरते तेव्हा धनी सारखाच हवालदिल होतो.

आपल्याकडे हा प्रश्न कधी उठलाच नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वर्धा जिल्ह्यातून हिंडणाऱ्याला गावोगाव मातीच्या पडक्या गढ्या दिसतात. पांढऱ्या मातीच्या त्या जाड भिंती कोणा राजाच्या विलासासाठी उभ्या राहिल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भोसल्यांचे राज्य खिळखिळे झाले, पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेपलीकडून उतरू लागल्या, आणि सरकार वाचवीत नाही असे दिसताच गावांनी आपापल्या भिंती बांधल्या. पेंढारी आले की गुरे-ढोरे, बायका-पोरे आणि दाणागोटा आत घ्यावयाचा आणि वरून तोड्याच्या बंदुका डागावयाच्या. जामगी पेटती ठेवून बार उडवण्याची ती बंदूक आजच्या मुलाला खेळणे वाटेल. पण गढीच्या बुरजावर ती असणे आणि नसणे यांत गाव राहणे आणि जळणे एवढा फरक होता. १८१७-१८ च्या युद्धात पेंढाऱ्यांचा मोड झाला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा निराळा निघाला. मधल्या काळात १८५७ होऊन गेले होते. त्यानंतर नव्या धन्याला गढीतल्या बंदुकीची भीती वाटू लागली.

ती भीती कायद्यात उतरली १८७८ साली. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा आणि देशी माणसाचे हात बांधणारा शस्त्रांचा कायदा, हे दोन्ही त्यांनी एकाच वर्षी आणले. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा झाला. हे एवढेच असते तर कदाचित लोकांना इतके लागले नसते. परंतु त्याखालच्या नियमांत गोऱ्यांना सूट होती, काही पदवीधारी आणि संस्थानिक मंडळींना सूट होती, आणि बाकीच्यांनी अर्ज करावयाचा होता. म्हणजे कातडीच्या रंगावरून विश्वास मोजला जाई. बोचले ते हे. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि तरुण बिपिनचंद्र पालांनी त्यावर भाषण केले. काँग्रेस तेव्हा अवघी तिसऱ्या वर्षात होती. बंदुकीची मागणी करणारी ही मंडळी कोण? वकील, संपादक, शिक्षक. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात कधी बार उडवला नसेल. त्यांना बंदुकीपेक्षा तिच्यामागचा विश्वास हवा होता.

१९१८ चे गांधीजींचे वाक्य याच वाटेवरचे आहे, आणि अमेरिकन पत्रकांत त्याचा मागचापुढचा भाग गळालेला असतो. ते वाक्य आले खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात. महायुद्ध चालू होते. कायदा रद्द व्हावासा वाटत असेल, शस्त्र चालवणे शिकावयाचे असेल, तर ही संधी आहे. सैन्यात या, सरकारला संकटकाळी मदत करा, म्हणजे अविश्वास मावळेल आणि बंदी उठेल, असे ते सांगत होते. अहिंसेचा पुजारी पायी गावोगाव फिरून शिपाई मागत होता! ज्या गावांनी सत्याग्रहात त्यांना गाड्या जुंपून दिल्या त्याच गावांनी या वेळी गाडी देण्याची टाळाटाळ केली. भरती फारशी झाली नाही, गांधीजी आजारी मात्र पडले. घरात रायफल ठेवावी, असे त्या वाक्यात कुठेच नाही. त्यात आहे अपमानाची सल. पण सल खरी होती, हेही विसरून चालणार नाही.

वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर नागपूर. तिथे १९२७ साली मंचरशा आवारी नावाच्या पारशी गृहस्थाने हा कायदा उघड मोडला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. बंगालमधल्या राजबंद्यांच्या सुटकेची मागणी करीत त्यांनी आपल्या अनुयायांसह हातात शस्त्रे घेऊन नागपूरच्या रस्त्यांतून मिरवणूक काढली. पाहणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. पन्नास वर्षे जे हत्यार हातात घेणे म्हणजे तुरुंग, ते हातात घेऊन भर दिवसा माणसे चालली होती. गांधीजींना मात्र हे पटले नाही. हातात हत्यार घेऊन कायदा मोडावयाचा आणि त्याला सत्याग्रह म्हणावयाचे, यातली विसंगती त्यांनी लिहून दाखवली. आवारींना तुरुंग झाला. आज नागपुरात त्यांचे नाव किती तरुणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

गंमत अशी की कायदा मोडण्याची ती रीत गांधीजींना नापसंत असली, तरी कायदा बदलण्याची मागणी त्यांनी सोडली नव्हती. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मीठावरचा कर रद्द करा, शेतसारा अर्ध्यावर आणा, दारूबंदी करा, अशा त्या प्रसिद्ध यादीत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावेत, हीही मागणी होती. 'लोकांच्या नियंत्रणाखाली' या दोन शब्दांत सारे आले. परवाना असावाच; पण देणारा परका साहेब नसावा. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात प्रत्येक नागरिकास नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क, हे कलम घातले. त्यानंतर थोड्याच वर्षांत गांधीजी आमच्या जिल्ह्यात राहावयास आले आणि चिमटा घेऊन बसले.

आमच्या जिल्ह्याने बंदुकीचे दुसरे टोकही पाहिले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावावयास जमाव गेला. बंदुका एका बाजूला होत्या, दुसऱ्या बाजूला दगड आणि काठ्या. गोळीबारात गावची माणसे पडली आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. दगडकाठीनेही माणूस मरतो, हे त्या दिवशी दिसले. बंदूक एकाच बाजूला असली की काय होते, तेही दिसले. आष्टीचे हुतात्मा स्मारक पाहणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात असे मला वाटते, जरी भाषणांत एकच सांगितली जाते.

स्वराज्य आले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे नागरिकांच्या स्वातंत्र्यांचे कलम आले, तेव्हा कराचीचा ठराव कोणाला आठवला? आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेल्या हरि विष्णु कामथांना. शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घाला, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. सार्वजनिक शांततेसाठी त्यावर निर्बंध घालण्याची मुभाही सरकारला ठेवली. उत्तर दिले डॉ. आंबेडकरांनी. कराचीला ती मागणी झाली ती परक्या सरकारने देश निःशस्त्र केला म्हणून. आता परिस्थिती पालटली आहे, असे त्यांनी सांगितले. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेऊन यावे असे झाले, तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. देशावर संकट आले तर शस्त्र धरण्याचे कर्तव्य नागरिकाचे आहे; हक्कापेक्षा आपण त्या कर्तव्यावर भर द्यावा, असेही ते म्हणाले. कामथांची दुरुस्ती पडली. आज घटनेचे १९ वे कलम उघडले तर नागरिकांच्या स्वातंत्र्यांत शस्त्राचा उल्लेख एकदाच येतो, आणि तो असा: शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. चार रायफलींच्या शेजाऱ्याची राज्यघटना आणि आमची यांची वाट इथे फुटली.

मला डॉक्टरांचे म्हणणे पटते. ते पटूनही एक प्रश्न उरतो, आणि तो आजोबांचा आहे.

इंग्रजांचा कायदा जाऊन १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला आणि १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. कायद्याची पुस्तके वाचणे हा दिवाळीत करावयाचा उद्योग नव्हे, तरी त्यातले १३ वे कलम शेतकऱ्याने वाचावे असे आहे. २० इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा शिकारीसाठी, आणि भरमार बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली आणि कारण योग्य असले, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असे ते सांगते. पुढचेच कलम परवाना नाकारण्याची कारणे मोजते, हा भाग निराळा! अर्धस्वयंचलित शस्त्रे नियमांत वरच्या, कडक वर्गात गेली. पुढे एका माणसाला तीनच बंदुका, अशी मर्यादा १९८३ मध्ये आली आणि २०१९ मध्ये ती दोनवर उतरली. २१ वर्षांखालील पोराच्या हाती परवाना नाही. निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा. म्हणजे आपल्या देशात बंदुकीला कारण लागते. अमेरिकेत बंदूक नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते. दोन्ही देशांत डुक्कर मात्र कारण विचारीत नाही.

आजोबांची भरमार सीपी-बेरारच्या काळातली, डिप्टी कमिशनरच्या परवान्यावरची. गावच्या मालगुजारीत त्यांचा लहानसा हिस्सा होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, बंदूक राहिली. दिवाळीच्या पुढेमागे ज्वारी दाण्यावर येते आणि त्याच सुमारास डुकरे, रोही आणि हरणे वावरात उतरू लागतात. रोही म्हणजे नीलगाय. मग जागल सुरू होते. धुऱ्यावर चार बल्ल्यांचे मचाण, वर कडब्याचे छप्पर, खाली शेकोटी आणि रात्रभर हाळ्या. सहासात वर्षांचा असताना मीही हट्टाने जागलीला जात असे. भरमार भरण्याचा तो सोहळा अजून डोळ्यांपुढे आहे: नळीत मापाने दारू ओतावयाची, नारळाच्या काथ्याचा बोळा घालावयाचा, गजाने ठासावयाचे, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे, आणि शेवटी कानावर टोपी बसवावयाची. एवढे होईस्तोवर डुकरे नाल्यापार गेलेली असत. आजोबांना त्याचे वैषम्य नसे. बार डुकरासाठी नसतोच, ते म्हणत, तो आसपासच्या पाच वावरांसाठी असतो. एका शेतातून आवाज निघाला की दुसऱ्या मचाणावरून हाळी येई, तिसऱ्यावर डबा वाजे, आणि थंडीने काकडलेले जागले एकमेकांना सांगत की आम्ही जागे आहोत.

एका रात्री आवाज निघाला नाही. दवाने टोपी सर्दावली होती. आजोबांनी चाप ओढला, खट्ट झाले आणि काहीच झाले नाही. बार होणारच या भरवशावर सालदार काठी घेऊन ज्वारीत शिरला होता. मोठा एकलगा डुक्कर त्याच्यावर उलटला. सुळ्याने मांडी उघडी पडली. बंडीत घालून त्याला रातोरात आर्वीला नेले. बंडीच्या मागे मी आईचा पदर धरून उभा होतो. तो जगला, पण पाय ओढत चालू लागला. त्यानंतर आजोबांनी काडतुसाच्या बारा बोरच्या बंदुकीसाठी अर्ज केला. भरमार पुरत नाही अशी खात्री पटली तर काडतुसाची बंदूकही पिकासाठी देता येते, अशी सोय त्याच कलमात आहे. कचेरीतल्या एका कारकुनाने विचारले, "डुकरासाठी एवढी बंदूक कशाला?" आजोबा म्हणाले, "त्या डुकरालेच विचारा ना जी." वर्षाने परवाना आला. त्या बंदुकीने त्यांनी उभ्या जन्मात दोनच डुकरे मारली. बाकी काडतुसे आभाळाला.

शिकारीची गोष्ट निराळी होती. वनखात्याकडून परवाना काढून साहेब आणि शहरचे वकील-डॉक्टर हिवाळ्यात येत. हाका घालावयास गावची माणसे लागत. दिवसभर डबे बडवून काट्यांतून चालावयाचे आणि संध्याकाळी मजुरी आणि थोडे मांस घ्यावयाचे. बिबळ्याबरोबर फोटो मात्र ज्याची बंदूक त्याचाच. गावाला खरा शिकारी ठाऊक होता तो फासेपारधी. त्याला ना बंदूक, ना परवाना. जनावरांच्या केसांचे आणि तातीचे फासे एवढेच त्याचे हत्यार. हरणे माजली की लोक त्याला बोलावीत, आणि हरणे संपली की चोर म्हणून हाकलीत. सरकारने तर त्याची जातच्या जात गुन्हेगार ठरवली होती. १८७१ चा तो कायदा १९५२ साली गेला. बंदुकीविषयी विश्वास कोणावर ठेवावयाचा, हा प्रश्न गोऱ्या साहेबानेच विचारला असे नाही. आम्हीही तो आपसांत विचारला, आणि उत्तर बहुधा पागोटे पाहून दिले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. ती संपली हे चांगलेच झाले. १९७० मध्ये अभयारण्य झालेले आमचे बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. देशातला हा अगदी लहान प्रकल्प, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरांचा. पण वाघ आहे, आणि सेलू तालुक्यातल्या पोरांना त्याचा अभिमान आहे. मात्र वाघाचे रान लहान आणि भोवतीचे वावर मोठे. डुकरे आणि रोही वाढली, आणि जागल करणारे हात शहरात गेले. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकांची नासाडी करणारी डुकरे आणि रोही वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. पण परवानगी घेऊन मारणार कोण? गावात बंदूक नाही, असली तर नेम नाही, आणि नेम असला तर रात्री शेतात कोणाला गोळी लागेल याचा भरवसा नाही. वर्धा नदीपलीकडे पांढरकवड्याच्या रानात माणसे मारणाऱ्या वाघिणीला २०१८ मध्ये गोळी घालावयाची वेळ आली, तेव्हा नेमबाज हैदराबादहून आला होता.

बंदूक गेली म्हणून पीक राखण्याची गरज गेली नाही. तिची जागा तारेने घेतली. खांबावरून आकडा टाकून धुऱ्यावर नागडी तार ताणावयाची आणि घरी जाऊन झोपावयाचे. ही तार हाळी देत नाही, आवाज करीत नाही, आणि समोर डुक्कर आहे की गाय की शेजाऱ्याचा पोरगा, हे पाहत नाही. ब्रह्मपुरीकडून आणून २०१७ मध्ये बोरच्या रानात सोडलेल्या एका वाघिणीच्या मागे माणसे मारल्याचा ठपका होता. तिला गोळी घालावी की नाही हा वाद नागपूरला उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयात वकील बोलले, रानात पथके फिरली. ऑक्टोबरात कारंजा भागातल्या एका शेताच्या तारेला लागून ती मेली. ज्याने तार लावली त्याच्या मनात वाघीण नव्हतीच. आमच्या शेजारच्या गावात तर धनी स्वतःच्याच तारेला लागून गेला. पहाटे मोटार चालू करावयास निघाला होता, आणि रात्री आपणच लावलेली तार विसरला. त्याची बायको त्याला हाक मारत मागोमाग आली होती. धुऱ्यापाशी तिला कोणी तरी धरले म्हणून ती वाचली.

हे पाहिले की आजोबांच्या भरमारीविषयी माझे मत बदलते. तिच्यामागे एक जागा माणूस असे. चाप ओढण्यापूर्वी त्याला समोर पाहावे लागे, आणि एकच बार असल्याने तो जपून वापरावा लागे. अमेरिकन शेजाऱ्याच्या रायफलीत लागोपाठ गोळ्या आहेत. आमच्या तारेत तर गोळ्या मोजण्याचेही काम नाही. सौर कुंपणाचा झटका जनावराला नुसता हटवतो, मारत नाही. तो चांगला उपाय आहे आणि सरकार त्याला मदतही करते. ज्याच्याकडे पैसा आणि कागद दोन्ही आहेत त्याच्या धुऱ्यावर ते दिसते. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या धुऱ्यावर मला अजून फारसे दिसले नाही. त्याने नळकांड्यात कार्बाईड घालून आवाज काढावयाची जुगाडू तोफ केली; माकडे पळवावयास ती बरी, पण २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे तीच पोरांच्या हाती फटाका म्हणून गेली आणि कितीतरी डोळ्यांना इजा झाली. वाचकांनी आपल्या घरी या सणाला तेवढी ती येऊ देऊ नये.

आजोबा गेल्यावर त्यांची बारा बोर ठाण्यात जमा झाली. मामांपैकी कोणी परवाना आपल्या नावावर करून घेतला नाही. भरमार त्याआधीच गेली होती. तिचा गज तेवढा घरी राहिला आणि बरीच वर्षे मामी त्याने चुलीतला विस्तव पुढे-मागे सारीत असे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी मामेभावाकडे गेलो होतो. रात्री जेवून अंगणात बसलो असता वावराकडून एक बार ऐकू आला. मी दचकलो. पाच मिनिटांनी दुसरा आला, मग तिसरा; मध्ये कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसाची हाळी. मी विचारले, "बंदूक परत आणली काय रे?" तो हसला. सकाळी त्याने मला धुऱ्यावर नेऊन दाखवले. जुन्या मचाणाच्या बल्लीला एक भोंगा बांधला होता, खाली फवारणीच्या पंपाची बॅटरी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक यंत्र. बाजारात तयार मिळते, तो म्हणाला. बार, कुत्रे, वाघ, सारे त्यात भरलेले असते. मी विचारले, डुकरे भितात काय? पहिले आठ दिवस भितात, तो म्हणाला, मग जागा बदलावी लागते. आणि बॅटरी चार्ज करावयास घेऊन तो घराकडे निघाला.